बाळंतपणानंतरचं माकडहाड : का दुखतं, कसं सांभाळायचं

बाळंतपण होऊन आठवडा झालेला असतो. चालता येतं, उभं राहता येतं, कुशीवर पडलं की बरंही वाटतं. पण बाळाला पाजायला बसलं की कण्याच्या अगदी शेवटच्या टोकाशी, दोन कुल्ल्यांच्या मधल्या खाचेत, कळ येते. उठायला जावं तर ती आणखी जोरात येते. घरात सांगितलं तर उत्तर तयार असतं : बाळंतपणात हाडं खिळखिळी होतातच, सव्वा महिना जाऊ दे, थांबेल.

बऱ्याच जणींचं थांबतंही. ज्यांचं थांबत नाही त्यांच्या बाबतीत एक मोठं कारण असं असतं, की दुखावलेल्या जागेवर रोज कितीतरी तास पुन्हा पुन्हा भार पडत राहतो. पाय मुरगळला तर आपण तो उचलून ठेवतो. माकडहाड दुखावलं तर मात्र बाई त्याच्यावरच बसून दिवसभर बाळाला पाजते. हे दुखणं बसण्याचं आहे, आणि त्याच्यावरचा बराचसा उपायही बसण्याच्या रीतीतच आहे. तो समजायला आधी त्या हाडाची रचना पाहू.

हाड केवढं, काम केवढं

पाठीचा कणा कमरेच्या खाली उतरतो, तिथे त्रिकास्थी नावाचं रुंद, त्रिकोणी हाड असतं. त्याच्या खालच्या टोकाला जोडलेलं छोटंसं, आत वळलेलं हाड म्हणजे माकडहाड. ते बहुतेकांत चार बारक्या मणक्यांचं बनलेलं असतं. काहींत तीन, काहींत पाच. हे मणके कमीअधिक प्रमाणात एकमेकांना चिकटलेले असतात. त्रिकास्थी आणि माकडहाड यांच्यामध्ये एक सांधा असतो आणि तो थोडासा हलतो.

शेपटीचा उरलेला अवशेष म्हणून या हाडाची थट्टा होते, पण ते बिनकामाचं नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचं एक जाळं असतं. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देणं आणि लघवी-शौचावर ताबा ठेवणं हे त्याचं काम. त्यातले कित्येक धागे मागच्या बाजूला माकडहाडाला येऊन बांधले जातात. कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूचे काही तंतू आणि कटिराच्या, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या, हाडांना धरून ठेवणारे स्नायुबंधही इथेच जोडलेले असतात. ही एक खुंटी समजा. खुंटी हलली की तिला बांधलेले सगळे दोर ताणले जातात, आणि दोर आवळले की खुंटी ओढली जाते. म्हणून हाडाला मार बसला की स्नायू आखडतात, आणि स्नायू आखडले की हाड दुखत राहतं.

या हाडाचं दुसरं काम बसतानाचं. ताठ किंवा किंचित पुढे झुकून बसलं की शरीराचा भार कुल्ल्यांच्या खालच्या दोन टणक हाडांवर येतो. कडक बाकावर बसून हाताने चाचपलं तर ती दोन्ही लागतात. मागे रेललं, सोफ्यात रुतलं, की कटिर मागे कलतं आणि तिसरा टेका म्हणून माकडहाड खाली येतं. तेव्हा ते थोडं वाकतंही. पॅरिसचे डॉक्टर झाँ-इव्ह मेन्य यांनी उभं असताना आणि बसलेलं असताना असे दोन एक्स-रे काढून ही हालचाल मोजली. साधारण ५ ते २५ अंशांपर्यंतची हालचाल ही नेहमीची. त्याहून जास्त वाकणारं किंवा बसल्यावर जागेवरून मागे सरकणारं माकडहाड हे दुखण्याचं कारण असू शकतं, हे त्यांच्या कामातून पुढे आलं.

प्रसूतीच्या वेळी काय घडतं

गरोदरपणात रिलॅक्सिनसारखी संप्रेरकं कटिराच्या सांध्यांचे स्नायुबंध सैल करतात. बाळाला वाट मिळावी यासाठी शरीराने केलेली ही तयारी असते. शेवटच्या तीन महिन्यांत वजन वाढलेलं असतं, पोट पुढे आल्याने कमरेचा बाक बदललेला असतो आणि बाळाचं डोकं खाली उतरत असतं. त्यामुळे काही जणींना माकडहाडाचा त्रास बाळंतपणाच्या आधीच सुरू होतो.

प्रत्यक्ष प्रसूतीत बाळाचं डोकं कटिराच्या खालच्या तोंडातून बाहेर येतं, तेव्हा त्याच्या वाटेत मागच्या बाजूला माकडहाडाचं टोक असतं. डोक्याच्या दाबाने ते मागे ढकललं जातं आणि वाट दीड ते अडीच सेंटिमीटरनी मोठी होते. सैल झालेल्या सांध्यामुळे हे सहज घडतं, आणि बहुतेक बायकांत हाड नंतर आपल्या जागी येतं.

सगळ्यांत मात्र ते इतकं सुरळीत होत नाही. बाळ मोठं असतं, डोकं बराच वेळ खाली अडकून राहतं, तासन् तास जोर द्यावा लागतो किंवा चिमटा लावून बाळ काढावं लागतं. अशा वेळी स्नायुबंध नको इतके ताणले जातात, हाडाला मुका मार बसतो, सांधा जागेवरून सरकतो आणि क्वचित हाड मोडतंही. मेन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बाळंतपणानंतर माकडहाड दुखणाऱ्या ५७ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींची प्रसूती चिमटा किंवा व्हॅक्युम लावून झालेली होती. सुमारे ४४ टक्के जणींत बसल्यावर माकडहाड जागेवरून सरकत होतं. मोडलेलं हाड मात्र थोड्याच जणींत सापडलं. प्रसूतीनंतर पहिल्यांदा बसल्याबरोबर दुखणं सुरू होणं ही त्या बायकांमधली ठळक खूण होती.

प्रसूतीच्या वेळची स्थितीही पाहण्यासारखी आहे. उताणं झोपवून, पाय वर बांधून प्रसूती करण्याची पद्धत आपल्या दवाखान्यांत सर्रास आहे. या स्थितीत त्रिकास्थी आणि माकडहाड टेबलावर दाबलेलं असतं, म्हणजे ज्या हाडाने मागे सरकायचं त्याला मागे जागाच कमी उरते. कुशीवर, गुडघे-हातांवर किंवा उकिडवं बसून जोर दिला तर ते मोकळं राहतं.

सिझेरियन झालेल्या बाईलाही हे दुखणं होऊ शकतं. तिने आधी कित्येक तास कळा दिलेल्या असू शकतात, गरोदरपणात सांधे सैल झालेलेच असतात, आणि पोटावर टाके असल्यामुळे ती पलंगावर अर्धवट रेलून बसते. खाली टाके पडलेल्या बाईचंही तसंच होतं. टाक्यांवर भार नको म्हणून ती नकळत मागे कलते आणि तो भार माकडहाडावर जातो.

हे दुखणं वैद्यकाला नवीन नाही. प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरायला १८४७ मध्ये सुरुवात करणारे एडिंबराचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनीच १८५९ मध्ये या दुखण्याला वैद्यकीय नाव दिलं. त्यामुळे डॉक्टरांना सांगताना संकोचण्याचं किंवा 'एवढंसं काय सांगायचं' असं वाटून घेण्याचं कारण नाही.

दुखणं माकडहाडाचंच आहे ना?

माकडहाडाच्या दुखण्याच्या खुणा बऱ्यापैकी स्पष्ट असतात. दुखण्याची जागा एका बोटाने दाखवता येते. बसल्यावर दुखतं, मागे रेलल्यावर अधिक दुखतं, बसलेलं असताना उठायला गेलं की कळ येते, आणि उभं राहिलं किंवा चाललं की हलकं वाटतं. शौचाच्या वेळी किंवा संभोगाच्या वेळीही दुखू शकतं.

दुखणं कमरेच्या एका बाजूला, त्रिकास्थीच्या कडेला असेल आणि जिना चढताना किंवा कुशी बदलताना वाढत असेल, तर ते बहुधा कटिराच्या सांध्याचं असतं. कमरेतून निघून मांडी-पोटरीपर्यंत उतरणारी कळ नस दबल्याची असू शकते. शौचाला बसल्यावर चिरल्यासारखी आग आणि रक्त असेल तर फिशर किंवा मूळव्याध तपासावी लागते. बाळंतपणानंतर या दोन्ही गोष्टी फार आढळतात. कुल्ल्यांच्या खाचेत गाठ, लाली, पू किंवा ओलसर छिद्र दिसलं तर तो केस आत रुतून झालेला पायलोनायडल सायनस किंवा गळू असू शकतो. त्याला उशी-शेकाचा काही उपयोग नाही.

काही लक्षणं दिसली तर वाट पाहायची नाही. ताप, वाढत जाणारी सूज, पू; मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा; लघवी अडणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणं; पायांतली ताकद कमी होणं. यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. विश्रांती घेतली तरी रात्रभर न थांबणारं दुखणं किंवा कारण नसताना घटत जाणारं वजन असेल, तरी लवकर तपासून घ्यावं. क्षयासारखा आजार कण्याच्या या भागातही होऊ शकतो.

तपासताना डॉक्टर आधी बाहेरून हाडावर दाबून पाहतात. गरज वाटली तर हातमोजा घालून गुदद्वारात एक बोट घालतात आणि माकडहाड बोट व अंगठा यांत धरून किती हलतं, कुठे दुखतं ते पाहतात. ही तपासणी अवघड वाटते, पण ती थोडक्यात होते आणि तिच्यातून खूप कळतं. ती करण्यापूर्वी डॉक्टरांनी नीट समजावून सांगायला हवं, सोबतीला बाई असावी असं तुम्ही सांगू शकता, आणि नको असेल तर नाही म्हणण्याचाही हक्क तुम्हाला आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेची गरज सहसा पडत नाही. पुढे लागलाच तर त्याचा दुधावर काही परिणाम होत नाही. पाजणं थांबवावं लागत नाही.

बसायचं कसं

पहिला उपाय म्हणजे माकडहाडाखालचा आधार काढून घेणं. बाजारात माकडहाडासाठी खास उशी मिळते. तिला मागच्या बाजूला इंग्रजी यू अक्षरासारखी खाच असते. खाच पाठीकडे ठेवून बसायचं, म्हणजे भार मांड्यांवर आणि बसण्याच्या दोन हाडांवर येतो आणि माकडहाड अधांतरी राहतं. मधोमध भोक असलेली गोल, हवेची रिंग पुष्कळ ठिकाणी सुचवली जाते. पण तिच्या मागच्या कडेवर माकडहाड टेकू शकतं आणि मधल्या पोकळीत टाक्यांची जागा ओढली जाते. म्हणून मागून उघडी असलेली उशी बरी.

उशी लगेच मिळाली नाही तरी अडत नाही. दोन चादरींच्या घट्ट गुंडाळ्या करा, खुर्चीवर समांतर ठेवा आणि एकेका मांडीखाली एकेक येईल असं बसा. मधली आणि मागची जागा रिकामी राहू द्या. खुर्ची फार मऊ नको. सोफ्यात शरीर रुततं, कटिर मागे कलतं आणि चांगल्यातली चांगली उशीही निरुपयोगी ठरते. कमरेच्या बाकात एक छोटी उशी ठेवा, पावलं पूर्ण टेकू द्या, आणि दुखायला लागलं की कोपरं मांडीवर किंवा टेबलावर टेकून पुढे झुका.

जमिनीवर बसण्याची सवय आपल्याकडे जुनी. पण मांडी घालून बसल्यावर कंबर गोल होत असेल तर भार थेट माकडहाडावर येतो. पाटावर, कडक फरशीवर किंवा पाय पसरून भिंतीला टेकून बसणं काही आठवडे टाळलेलं बरं. कार्यक्रमात खाली बसणं भागच पडलं, तर चादरीच्या उंच घडीवर बसा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील आणि पाठ ताठ राहील.

उठण्याचीही रीत आहे. बसलेल्या जागेवरून एकदम उसळून उठू नका. आधी खुर्चीच्या कडेशी सरका, पावलं थोडी मागे घ्या, कमरेतून पुढे झुका, कुल्ले हलके आवळा आणि भार पायांवर घेऊन उठा. दुखत असो वा नसो, वीस-तीस मिनिटांच्या पुढे सलग बसू नका. दोन मिनिटं उभं राहणं, चार पावलं टाकणं एवढंही पुरतं.

पाजण्याचे तास

नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. एका वेळी वीस-तीस मिनिटं धरली, तर दिवसाचे अडीच-तीन तासांपासून सहा तासांपर्यंतचं बसणं नुसत्या पाजण्यात होतं. इथे बदल केला तर त्याचा परिणाम सगळ्यांत जास्त दिसतो.

निम्म्या वेळा तरी कुशीवर पडून पाजा. आईने कुशीवर झोपायचं, डोक्याखाली उशी, गुडघे थोडे मुडपलेले आणि त्यांच्यामध्ये दुसरी उशी. बाळही कुशीवर, पोट आईच्या पोटाला लागून, नाक स्तनाग्रासमोर. पाठीमागे चादरीची गुंडाळी ठेवली की आईला मागे रेलता येतं आणि माकडहाडाला काही टेकत नाही. सिझेरियन झालेल्यांनाही ही स्थिती सोयीची पडते. सुरुवातीला बाळाला धरवून द्यायला कुणी तरी जवळ असावं, आणि आईला झोप लागते आहे असं दिसलं तर बाळाला उचलून त्याच्या जागी ठेवायला घरातलं माणूस असावं. बाळाच्या तोंडाजवळ उशा आणि पांघरूण नको.

बसून पाजायचं तर मांडीवर उशी घेऊन बाळाला स्तनापर्यंत उंच करा. बाळाकडे वाकत गेलं की कंबर गोल होते. पायाखाली छोटा स्टूल ठेवला तर खांदेही सैल राहतात. बाळाला झोपवण्याचं काम मांडीवर घेऊन करण्यापेक्षा उभ्याने, खांद्यावर घेऊन करा, किंवा ते आजी-आजोबांकडे, बाळाच्या बाबांकडे सोपवा.

पोट साफ राहायला हवं

कुंथलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात आणि भरलेलं गुदाशय माकडहाडाला आतून दाबतं. त्यात बाळंतिणीला बद्धकोष्ठ होण्याची कारणं भरपूर असतात : टाक्यांची भीती, पाणी कमी, हालचाल कमी, आणि लोहाच्या गोळ्या. सरकारी कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिली जाते. तिच्यामुळे पोट जड होतं म्हणून कित्येक जणी ती परस्पर बंद करतात. तसं करू नका. रक्त भरून येण्यासाठी ती हवीच. त्रास होत असेल तर वेळ किंवा प्रकार बदलून मागा.

डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू जरूर खावेत, पण जेवण म्हणजे नुसता तूप-भात आणि लाडू असं होऊ नये. पालेभाजी, दुधी-भोपळा, मुगाची उसळ, पपई, अंजीर, भाकरी हे ताटात हवं. पाणी भरपूर हवं. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची काही घरांतली रीत सोडून द्यावी. एवढ्याने भागलं नाही तर इसबगोल किंवा लॅक्टुलोज डॉक्टरांना विचारून घेता येतं. कमोडवर बसताना पायाखाली वीतभर उंचीचा स्टूल घ्या आणि पुढे झुका. भारतीय शौचकूपात माकडहाडावर भार येत नाही ही चांगली बाजू. पण टाके ओले असताना उठताना आधाराला काही तरी धरायला हवं.

बाज, मालीश आणि शेक

सुंभाची किंवा नवारीची बाज मध्ये खोलगट झालेली असते. तिच्यावर बसलं की कुल्ले खाली जातात, गुडघे वर येतात आणि माकडहाड दाबलं जातं. झोपायला सपाट, बेताची कडक गादी असावी आणि शक्यतो कुशीवर झोपावं. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातांनी रेटा देऊन उठा.

मालीश करणाऱ्या बाईंना आधीच सांगा की कंबर, पाठ, मांड्या चोळा पण माकडहाडावर दाब नको. हलक्या हाताच्या मालिशीने आखडलेले स्नायू सैल होतात. मात्र हाड 'बसवण्यासाठी' दिलेला झटका नुकसान करू शकतो. हाडवैद्याकडे जाऊन ते ओढून घेणं तर नकोच. या दिवसांत सांधे सैल असतात, शिवाय हाड सरकलंय की मोडलंय हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या दोन-तीन दिवसांत ताजा ठणका असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं लावता येतो. घरात 'बाळंतिणीला गार नको' म्हणून विरोध होईल, पण एवढ्याशा जागेवर थोडा वेळ बर्फ लावल्याने बाळाला सर्दी होत नाही. नंतर कोमट शेक किंवा टबात कोमट पाण्यात बसणं स्नायूंना आराम देतं. टबाच्या तळाला घडी केलेला टॉवेल घाला. बाजेखाली निखारे ठेवून शेकण्याची पद्धत मात्र टाळा. तिच्यात भाजण्याचा धोका आहे आणि धूर बाळाच्या फुप्फुसांना वाईट.

वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन ही स्तनपानाच्या काळात चालणारी औषधं मानली जातात. मात्रा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी; दमा, पित्ताचा व्रण, मूत्रपिंडाचा आजार किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर तसं आधी सांगावं. कोडीन आणि ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. त्यांचा अंश दुधातून बाळात जाऊन त्याला गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो.

व्यायाम : आधी सैल, मग घट्ट

बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम सगळ्यांना सांगितले जातात. त्यांचा उपयोग आहे, पण माकडहाड दुखत असताना हे स्नायू बहुधा आधीच आखडलेले असतात. त्यांना आणखी आवळलं तर दुखणं वाढू शकतं. म्हणून सुरुवात सैल सोडण्यापासून करावी.

कुशीवर किंवा गुडघे मुडपून पाठीवर पडा, हात पोटावर ठेवा. श्वास घेताना पोट फुगू द्या आणि खालचा सगळा भाग सैल पसरतो आहे असं जाणवू द्या. सोडताना जोर लावू नका. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. हे नॉर्मल प्रसूतीनंतर पहिल्या आठवड्यातही करता येतं. टाके भरले आणि डॉक्टरांनी होकार दिला की पुढचे प्रकार : हात-गुडघ्यांवर येऊन पाठ हळू वर-खाली करणं म्हणजे मार्जारासन, गुडघे फाकवून बालासन, पाठीवर पडून एक गुडघा छातीशी घेणं, एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून कुल्ल्याचा स्नायू ताणणं. ताण गोड वाटावा, कळ येता कामा नये.

पोट कमी करण्याच्या घाईत उठाबशा, नौकासन, सायकल यांना हात घालू नका. नौकासनात तर सगळं शरीर माकडहाडावरच तोललेलं असतं. चालणं हा या काळातला चांगला व्यायाम.

प्रवासातही भार सांभाळावा लागतो. खड्ड्यांच्या रस्त्यावरून स्कूटर किंवा रिक्षाचा प्रत्येक धक्का त्याच जागी बसतो. लसीकरणाला जायचं तर खाचेची उशी सोबत घ्या आणि गाडीत पाठ मागे फार कलवू नका. नोकरी करणाऱ्यांना मातृत्व रजेचे २६ आठवडे मिळत असतील तर बहुतेकींचं दुखणं त्या आत आवरतं; कामावर परतल्यावरही दुखत असेल तर थोडं काम उभ्याने करता येईल अशी सोय मागायला हरकत नाही.

थांबलं नाही तर

मुका मार आणि ताणलेले स्नायुबंध साधारण चार आठवड्यांत निवळू लागतात. हाड मोडलं असेल तर आठ ते बारा आठवडे लागतात. मोडलेल्या माकडहाडाला प्लॅस्टर घालत नाहीत. भार काढून घेणं हाच त्याचा उपचार. दर आठवड्याला बसता येण्याचा वेळ थोडा वाढतो आहे का, हे पाहत राहा. वाढत असेल तर धीर धरा. पाच-सहा आठवड्यांनंतरही फरक नसेल किंवा दुखणं वाढत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ आणि स्त्रियांच्या दुखण्यांचा अनुभव असलेले फिजिओथेरपिस्ट यांना दाखवा. गावात हे शक्य नसेल, तर पहिल्या सहा आठवड्यांत घरी येणाऱ्या आशाताईंना सांगा. त्या बाळासाठी येतात तशा आईच्या तक्रारी पुढे पोचवण्यासाठीही येतात.

फिजिओथेरपीत आखडलेले स्नायू हाताने सैल करतात, कधी आतूनही. त्याने काही जणींना चांगला आराम पडतो, काहींना थोडाच. तरीही दुखत राहिलं तर बसून आणि उभ्याने एक्स-रे काढतात, एमआरआय करतात, आणि दुखऱ्या सांध्याजवळ बधिर करणारं औषध व स्टिरॉइड यांचं इंजेक्शन देतात. माकडहाडासमोर असलेल्या मज्जातंतूंच्या गाठीला बधिर करण्याचा उपाय वेदना-चिकित्सेच्या दवाखान्यांत होतो. माकडहाड काढून टाकण्याची शस्त्रक्रिया अगदी शेवटी. ती गुदद्वाराच्या जवळ होत असल्याने जखम चिघळण्याचा धोका असतो आणि पूर्ण आराम पडायला कित्येक महिने जातात. सुदैवाने तिची गरज थोड्यांनाच पडते. दहापैकी सुमारे नऊ जणांना शस्त्रक्रियेविना आराम पडतो असं या दुखण्याबद्दल सांगितलं जातं.

पुढच्या बाळंतपणाची भीती वाटणं साहजिक आहे, पण एकदा माकडहाड दुखलं म्हणून पुढचं बाळंतपण सिझेरियनच करावं असं नाही. नाव नोंदवताना डॉक्टरांना हे दुखणं सांगून ठेवा आणि कळांच्या वेळी कुशीवर किंवा गुडघ्यांवर राहता येईल का ते विचारा. बाळंतिणीला सोयीची वाटेल ती स्थिती निवडू द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ मध्ये केली आहे.

डॉक्टरांकडे जाताना नेमकं सांगा : दुखणं कधी सुरू झालं, किती मिनिटं बसता येतं, बसताना जास्त दुखतं की उठताना, प्रसूतीत चिमटा किंवा व्हॅक्युम लावला होता का. नुसतं 'कंबर दुखते' म्हटलं तर कमरेच्या गोळ्या मिळतील. एका बोटाने जागा दाखवली तर त्या जागेची तपासणी होईल.